न्यायचं कुणी, पोचवायचं कुणी

शिरूरच्या पेठेत कुणाचं कुणाशी बिनसलं की माणसं दोन ठिकाणी जात. पुरुष फौजदार कचेरीत जात आणि बायका जैनूमावशीच्या पडवीत. कचेरीत तक्रार लिहून घेतली जाई. जैनूमावशी काही लिहून घेत नसे. तिला लिहिता येत नव्हतं, आणि तिचे दोन्ही हात बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गुंतलेले असत. ती मण्यारीण होती. बांगड्या भरायची.

मी त्या वेळी पुण्याच्या एका दैनिकाचा शिरूरचा वार्ताहर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन एखाद-दुसरं वर्ष झालं होतं. माझी खोली आणि तिची पडवी यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती आणि फळ्यांमध्ये फटी होत्या. मी कान देऊन ऐकत असे, असं म्हणणं बरोबर होणार नाही. न ऐकण्याची सोय नव्हती.

जैनूमावशीचं वय पन्नाशीच्या पुढचं असावं. उंच, हाडापेरानं मजबूत. पदर डोक्यावरून घेऊन दोन्ही कानांमागे खोचलेला. बोलताना ती समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघत नसे, मनगटाकडे बघे. नवरा वारल्यावर त्याची फिरती तिनं धरली होती. बाजाराच्या दिवशी पडवीत बसायचं, एरवी टोपली डोक्यावर घेऊन कवठे येमाईपर्यंतची गावं करायची. तिचं माहेर दौंडचं. भावाकडे गेली की खुटबाव, राहू ही त्या बाजूची गावंही करून यायची. घरात ती दखनी बोले, पडवीत गिऱ्हाइकाच्या गावचं मराठी. नवरीचा चुडा मात्र ती स्वतः भरत नसे. त्यासाठी जावेला सोबत नेई आणि आपण ओट्यावर बसून बांगड्या नुसत्या पुढे करी. असं कर म्हणून तिला कुणी सांगितल्याचं मी ऐकलं नाही. सांगायची वेळ तिनं कुणावर येऊ दिली नव्हती.

"हात सैल सोड," हे तिचं धंद्यातलं वाक्य. काचेची बांगडी बोटांच्या मुळाशी येते तेव्हा हात आखडला तर ती पुढे जात नाही, जोर केला तर फुटते. जैनूमावशी पंजा दाबत, चोळत, गप्पा मारत बांगडी आत सरकवी. खोटं बोलणाऱ्या बाईचा हात सैल पडत नाही, असं तिचं म्हणणं होतं. बाई उठून जाऊ शकत नसे, कारण हात मावशीच्या ताब्यात. त्यामुळे सल्ला मागितलेला असो वा नसो, ऐकून घ्यावा लागे.

"मावशी, आमच्याकडं पाव्हणा आलाय. उठायचं नाव न्हाई," शेजारच्या आळीतली एक बाई सांगत होती.

"त्येला काम सांगितलं का?"

"सांगितलं की. सगळं जळाण फोडून दिलं त्यानं."

"मंग आता तो जेवल्याबिगर जायाचा न्हाई. पाव्हण्याला काम सांगू ने गं. आपलं दुखणं सांगावं. गुडघ्यापासनं सुरू करायचं. मानंपत्तोर जाईस्तवर टोपी घालतोय का न्हाई बघ."

हा उपाय पेठेत चालला. मामलेदार कचेरीतल्या एका कारकुनाच्या बायकोनं तो आपल्या मावससासूवर केला. मावससासूला दुखण्याची आवड होती. तिनं गावाहून आपली ट्रंक मागवून घेतली आणि सुनेच्या गुडघ्याची सेवा करायला म्हणून मुक्काम वाढवला. कारकुनीण संतापून पडवीत आली. जैनूमावशीनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुझं न्हाई, माझं चुकलं. पाव्हणा बाई हाय का बाप्या, ह्ये मी इचारलंच न्हाई. बाप्या दुखणं ऐकून पळतो. बाई दुखणं ऐकून बसते."

आपण एका घरी आहेरात दिलेला खण दोन वर्षांनी फिरून त्याच घरून आपल्यालाच आला तर काय करावं? "'तुमची आवड माझ्यावानीच हाय' म्हणायचं. तिला कळलं तर ती लाजंल. न्हाई कळलं तर दोघी बऱ्या." व्याह्याच्या घरी आमटी खारट झाली तर? "आमटीचं बोलायचंच न्हाई. ताकाचं कवतिक करायचं. शहाणी असंल ती ताक वाढंल. येडी असंल तर तिला आमटीचं सांगून तरी काय फायदा?" भांडण चाललेल्या घरात आपण नेमकं पाऊल टाकलं तर? "मागं फिरू ने. आत जाऊन पानी मागावं. पानी द्यायला एक जण उठतो, आन् भांडायला दोघं लागत्यात."

एवढ्या घरांत वावरूनही तिच्यावर कुणी कळ लावल्याचा आळ घेतल्याचं मला आठवत नाही. तिचा एक नियम होता आणि तो ती बोलून दाखवी: "टोपलीत बांगड्या न्यायच्या. बोलणी न्यायची न्हाईत." एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही, मग ते चांगल्यासाठी का असेना. कुणी खोदून विचारलं तर ती त्या बाईचं मनगट वर धरून उजेडात बघे आणि म्हणे, "अगं, तू वाळलीस की. तुला एक माप कमीच लागंल." विचारणारी आपल्या वाळण्याच्या काळजीला लागे.

हा नियम तिच्या गळ्याशी आला तो शेवंताच्या प्रकरणात.

शेवंता ही कवठे येमाईच्या एका शेतकऱ्याची मुलगी. खुटबावला दिलेली. नागपंचमीला भाऊ मुराळी म्हणून गेला आणि तिला माहेरी घेऊन आला. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे झालं. सण झाल्यावर सुनेला परत न्यायला सासरचं घरचं माणूस यायचं असतं; नवरा, नाहीतर दीर, निदान एखादा चुलत सासरा. खुटबावहून एसटीनं आला तो शेतावरचा गडी. "घरात समद्यांला कामं हायत, म्हून मला धाडलंय," असं तो म्हणाला. शेवंताच्या बापानं त्याला जेवू घातलं आणि एकट्याला परत पाठवलं. सोबत निरोप दिला: "लेक दिलीय. ज्वारीचं पोतं न्हाई दिलं, गड्याच्या हाती न्यायला."

निरोप खुटबावला पोचला तेव्हा तो आणखी धारदार झाला असणार. सासऱ्यानं उलट कळवलं, पोचवायला या, दार उघडं आहे. आम्ही न्यायला येणार नाही. कवठ्याहून उत्तर गेलं, न्यायला या, लगेच पाठवू; आम्ही पोचवणार नाही. त्यानंतर निरोपही थांबले. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा गेला. शेवंता माहेरीच. दसऱ्यानंतर खुटबावात उघड बोललं जाऊ लागलं की तुळशीचं लग्न लागलं की काडीमोड घ्यायची आणि ग्यानबाला दुसरी बघायची. ग्यानबा म्हणजे शेवंताचा नवरा. सासऱ्यानं एका ठिकाणी शब्द टाकल्याचंही कानावर येत होतं.

जैनूमावशी दसऱ्यानंतर दौंडला भावाकडे जाऊन आली. आल्यावर दोन दिवस तिच्या पडवीतून बांगड्यांच्या आवाजाखेरीज काही ऐकू आलं नाही. कारण मला पुढे कळलं, वाचकाला आत्ताच सांगतो.

खुटबावला शेवंताच्या सासूनं, तान्हूबाईनं, बांगड्या भरून घेताना तिला शपथ घालून एक गोष्ट सांगितली होती. पंचमीनंतर ग्यानबाच्या जांघेत मोठं गळू झालं होतं. त्याला चालता येत नव्हतं, एसटीत बसणं तर लांबच. पाठचा भाऊ नव्हता. सासरा रानातून हलू शकत नव्हता. म्हणून गडी पाठवला. खरं कारण सांगायचं तर गळू कुठे झालंय तेही सांगावं लागलं असतं, आणि आपल्या लेकाच्या जांघेची चर्चा व्याह्याच्या ओट्यावर व्हावी हे तान्हूबाईला सोसणारं नव्हतं. नवऱ्यालाही तिनं तोंड उघडू दिलं नाही. पुढे निरोपांना निरोप लागले, आणि गळवाचं नाव काढणं म्हणजे हार खाणं झालं.

एवढ्यावर एक संसार मोडायला आला होता, आणि तो वाचवणारं एक वाक्य जैनूमावशीच्या पोटात होतं.

त्या आठवड्यात ती कवठ्याला गेली. शेवंताच्या आईनं, सरूबाईनं, तिला विचारलं, "खुटबावला गेलती म्हनं तू. काय म्हंत्यात?" जैनूमावशीनं तिचं मनगट उजेडात धरलं. सरूबाई म्हणाली, "मी वाळलेय, मला ठावं हाय. त्यांचं सांग." जैनूमावशी काही न बोलता टोपली उचलून निघून आली. हे तिनं स्वतः फळीपलीकडून मला सांगितलं. मग विचारलं, "पेपरवाले, तुमाला एकांदी बातमी ठावं असली आन् छापाया येत न्हाई, तवा काय करता?"

"ज्याची बातमी, त्याच्याच तोंडून वदवून घेतो."

"आन् त्यो बोललाच न्हाई तर?"

"तर थांबतो."

"तुळस थांबायची न्हाई," ती म्हणाली.

तान्हूबाईचं माहेर शिरूरचं होतं. भाऊबीजेला बाई भावाकडे गेली तर तिला कुणी कारण विचारत नाही. तान्हूबाई येणार हे जैनूमावशीनं हेरून ठेवलं. दिवाळीचा नवा माल आलाय, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बांगड्या भरायला या, असा निरोप तिनं तान्हूबाईच्या भावाच्या घरी धाडला. तोच निरोप कवठ्याला गेला, लेकीला घेऊन या म्हणून. एकीचं येणं दुसरीला कळवलं नाही. हे तिच्या नियमात बसत होतं. निरोप बांगड्यांचाच होता.

मला ती म्हणाली, "उद्या दुपारी घरी ऱ्हावा. आवाज चढला की आत यायचं आन् पानी मागायचं."

दुसऱ्या दिवशी तान्हूबाई आधी आली; मला ती फटीतून दिसली. बुटकी, गोरी, कपाळावर मोठं कुंकू, चालण्यात घाई. जैनूमावशीनं तिचा उजवा हात धरला आणि पहिलीच बांगडी बोटांच्या मुळाशी अडकली. माप चुकलं, असं ती नंतर म्हणाली. नुसत्या नजरेनं माप सांगणाऱ्या बाईचं माप त्याच दुपारी कसं चुकलं, हे मी विचारलं नाही.

बांगडी अडकलेली असतानाच दारात सरूबाई आणि शेवंता उभ्या राहिल्या. सरूबाई उंच, काळीसावळी, काखेत एक गाठोडं. शेवंता तिच्या खांद्याआड.

"मावशी, ह्ये काय?" सरूबाई उंबऱ्यातच थांबली.

"बांगड्यांचं दुकान हाय, बाई. बाया येत्यात. बस."

"आमी मागनं येतो."

"मागनं माल संपतो. आन् काखंत काय आणलंस?"

"शिंप्याकडं द्यायची कापडं हायती," सरूबाई म्हणाली आणि गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

तान्हूबाईनं हात ओढला. "काढ ही बांगडी. मला जायाचंय."

"हात आखडलाय तुझा. सैल सोड. वडलीस तर काच शिरंल."

"साबण लाव मंग."

"साबण संपलाय."

सकाळीच धुतलेले तिचे कपडे माझ्या खिडकीसमोर वाळत होते. साबणाचा वास खोलीपर्यंत येत होता.

शेवंता पुढे आली, वाकली आणि सासूच्या पाया पडली. तान्हूबाईचा मोकळा डावा हात वर उचलला गेला, सुनेच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, आणि परत मांडीवर आला. शेवंता भिंतीशी जाऊन बसली. तिच्या हातात पंचमीच्या हिरव्या बांगड्या होत्या.

"ईनबाई, गडी बरा हाय का तुमचा?" सरूबाई उभ्यानंच म्हणाली. "न्हाई म्हंजी, आमच्याकडं मुराळी हून आला हुता. मानाचा पाव्हणा."

"त्येला जेवू घातलं ते कळलं. पोत्याचं बी कळलं."

"कळलं न्हवं? मंग यायाचं हुतं एकांद्या माणसानं, जाब इचारायला."

"माणसाला कामं असत्यात."

"असत्यात की. नवऱ्याला बायकूपरीस ऊस म्होटा."

"माझ्या ल्येकाला नावं ठिवू नगा!"

"मंग नाव ठिवायजोगं करू ने."

जैनूमावशीनं मान वर न करता म्हटलं, "तान्हूबाई, कामं कसली हुती ती तरी सांग की." नियम न मोडता तिला जाता येत होतं तिथवर ती गेली होती.

"मावशी!" तान्हूबाई म्हणाली. एवढाच शब्द. शपथेची आठवण द्यायला तो पुरला. जैनूमावशीची मान आणखी खाली गेली.

आवाज चढलेला होता. ठरल्याप्रमाणे मी गेलो आणि दारात उभा राहून पाणी मागितलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. जैनूमावशीचे दोन्ही हात गुंतलेले होते आणि बाकी कुणाला मला पाणी द्यायची गरज वाटली नाही. तिचा हमखास उपाय लागू पडला नाही. मी तिथेच उभा राहिलो.

"ऊठ गं शेवंते," सरूबाईनं लेकीचा दंड धरला. "ज्यांच्या दारात आपली किंमत न्हाई, त्यांच्यासमोर हात पसरून बसायचं न्हाई. बघू द्या दुसरी. बघू, तिला बी गड्याच्या हातीच आणत्यात का!"

तिनं ओढलं. शेवंता उठायला तयार नव्हती. तिनं हात मागे घेतला, तो दाराच्या चौकटीवर आपटला आणि हिरव्या काचेचे दोन तुकडे जमिनीवर पडले.

सवाष्णीची बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दुपारी तेही कुणी म्हणालं नाही. शेवंताच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. त्या काचेचा संबंध कुणाच्या आयुष्याशी जोडतात, हे चौघींनाही ठाऊक होतं. जैनूमावशीनं मान वर करून एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. मण्यारणीच्या पडवीत, भांडणात, दिवाळीच्या दिवसांत हे झालं होतं. ही गोष्ट बाजारात पोचली असती तर तिची टोपली कुणी उंबऱ्याच्या आत घेतली नसती.

"अगं आई गं," तान्हूबाईच्या तोंडून निघालं. "माझ्या ग्यानूनं आदीच काय कमी भोगलंय, त्यात आता ह्ये." आणि तिनं मोकळा हात तोंडावर ठेवला.

"काय भोगलंय?" शेवंता म्हणाली.

ती सासूच्या पुढ्यात सरकली.

"आत्याबाई, काय झालंय त्येंला?"

तान्हूबाईनं माझ्याकडे बघितलं. "आदी ह्या बाप्याला भाईर घालवा."

मी माझ्या खोलीत आलो. पुढचं फटीकडे पाठ करून नुसतं ऐकलं.

"गळू झालं हुतं."

"कुठं?"

 मग अगदी हळू, "जांघंत."

"कवा?"

"पंचमी झाली आन् उठलं. दोनदा फुटलं. उभं ऱ्हाता येईना का बसता येईना. दसऱ्याला कुठं वावरात गेला."

"आन् म्हून गडी?" सरूबाईचा आवाज.

"मंग काय करू, ईनबाई? ल्येकाला पालथा घालून धाडू एसटीत?"

यावर कुणीतरी हसलं. मला आधी जैनूमावशी वाटली. ती सरूबाई होती. हसता हसता तिनं नाक ओढलं.

शेवंता हसली नव्हती. "पोटीस कुणी बांधलं?"

"मी. हात लावू देत न्हवता. आईनं बांधायची जागा हाय का ती?"

"मला का न्हाई कळवलं?"

तान्हूबाई काहीतरी पुटपुटली, ते फळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"मी चालत आले असते," शेवंता म्हणाली.

मग जैनूमावशीचं बोलणं ऐकू आलं. "पडला बघ हात सैल." बांगडी आत गेली असावी. नंतर ती शेवंताला म्हणाली, "इकडं ये. माझ्या पडवीत झालंय, ते माझ्यावर. दुसरी भरते." मापाच्या बांगड्या निवडल्याचा आवाज आला.

एवढं होऊनही गाठ सुटली नव्हती. पडवीतल्या बायकांचं पटलं होतं, पण शब्द पुरुषांचे होते आणि पुरुष पडवीत नव्हते. तान्हूबाई म्हणाली, "मी भावाकडं आलेय. न्यायला गेलती म्हनून कळलं तर मालक म्हंतील, माझी मान खाली घातली. मलाच उंबऱ्यात घेणार न्हाईत." सरूबाई म्हणाली, "आन् मी पोचवून आले म्हणलं, तर आमच्यात दिवाळीचाच शिमगा." दौंडची गाडी तासाभरात सुटणार होती. तान्हूबाई त्याच गाडीनं जाणार होती. कवठ्याची गाडी तिच्या मागून. शेवंता आज कवठ्याच्या गाडीत बसली असती तर तुळशीचं लग्न लागेपर्यंत दुसरी संधी नव्हती, हे तिथं सगळ्यांना दिसत होतं.

"कुणी न्यायचं न्हाई, कुणी पोचवायचं न्हाई," जैनूमावशी म्हणाली. "मला दौंडला भावाकडं जायचंय. वाटंत सोबत पायजे. शेवंता माझ्यासंगं येईल. फुडं खुटबावात मला गिऱ्हाइकं हायत. त्याच गाडीत तान्हूबाई असंल, तर एसटी काय माझ्या बापाची हाय का? कुणी बी बसंल."

"आन् घरी काय सांगू?" सरूबाईनं विचारलं.

"खरं त्ये. पोरगी मावशीसंगं गेली."

मग तिनं स्टँडवर कुणी काय करायचं नाही ते सांगितलं. सरूबाईनं लेकीला कुंकू लावायचं नाही, ओटी भरायची नाही, पदर डोळ्याला लावायचा नाही. तसं केलं तर ती पाठवणी होते. गाडीकडे तोंडसुद्धा करायचं नाही, पाठ करून उभं राहायचं. तान्हूबाईनं सुनेचा हात धरायचा नाही, 'चल' म्हणायचं नाही, वेगळ्या बाकावर बसायचं. स्टँडवर दोन्ही गावांची माणसं असतात आणि माणसं घरी जाऊन सांगतात. दोघी हे सगळं न हसता ऐकत होत्या. मला तिनं फळीवर थाप मारून बोलावलं. "तुमी गाडीकडं तोंड करून उभं ऱ्हावा. बातम्या देता न्हवं? मंग द्या."

स्टँडवर तान्हूबाई भावाच्या घरून पिशवी घेऊन आली आणि आमच्यापासून लांब उभी राहिली. एक ओळखीचा मनुष्य सरूबाईला म्हणाला, "काय वहिनी, लेकीला पोचवायला व्हय?" सरूबाई म्हणाली, "पोचवतंय कोण? बांगड्या भरायला आलतो." मग तिनं काखेतलं गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि त्यापासून चार पावलं दूर गेली. लुगड्याचा एक काठ बाहेर आला होता. गाठोडं थोडा वेळ तसंच पडून होतं. शेवंता त्याच्याकडे आणि आईच्या पाठीकडे बघत होती. तिला ते उचलता येत नव्हतं.

दौंडची गाडी लागली. जैनूमावशीनं वाकून गाठोडं उचललं, "बया, माझंच इसरत हुते," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली आणि पायरी चढली. शेवंता तिच्यामागून चढली. दारात एकदा थांबली. मागच्या माणसानं तिला आत ढकललं.

त्यानंतर जैनूमावशी मला भेटली नाही. दिवाळी सरताच दैनिकानं मला पुण्याला बोलावून घेतलं आणि ती दौंडहून परतायच्या आत मी खोली सोडली. तुळशीचं लग्न लागलं तेव्हा शेवंता खुटबावात आपल्या घरी होती, एवढं मला पुढे जैनूमावशीच्या जावेकडून कळलं. सासरा काय म्हणाला, कोण कुणापुढे वाकलं, हे जावेला माहीत नव्हतं. जैनूमावशीनं ते तिलाही सांगितलं नव्हतं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या गाडीत. गाठोडं मांडीवर, पदर वाऱ्यानं एका बाजूला सरकलेला, पुढच्या बाकावरच्या तान्हूबाईच्या पाठीला बोट टोचून तिला काहीतरी बजावत होती. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली, वळली आणि दौंडच्या रस्त्याला लागली.

सरूबाई पाठमोरीच होती.

"गेली का?" तिनं विचारलं.

"निघाली."

"बसाया जागा घावली का तिला?"

"मिळाली. खिडकीपाशी."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "कुठल्या अंगाच्या खिडकीपाशी?"

"तुमच्या बाजूच्या."

तेव्हा ती वळली. रस्त्यावर नुसता फुफाटा होता.